जाकिटाच्या पाठीवर बसलेली बाई

नागापूर, एमआयडीसी
शनिवार

तीर्थरूप एलियामामा यांस,

रॉबिनचा प्रभूमध्ये सलाम. एका जाकिटाच्या पाठीवर एक बाई काढायला खरं काय लागतं, ते आधी सांगतो. खारीच्या केसांचा ब्रश एक, ऑइलपेंटचे उघडे डबे जेवढे असतील तेवढे, एंजेलाचा अबोला (सुरुवातीला संध्याकाळपुरता, पुढं जेवणासकट), चर्चच्या पाळकसाहेबांची एक भेट, त्या भेटीत संपलेली चिवड्याची बरणी, आणि तुमच्या भाच्याची बाजारातली अब्रू. अब्रूचं पुढं येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. एंजेलाचं वजन वाढलंय, असं तिचं म्हणणं आहे. माझं म्हणणं विचारलेलं नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. तुमच्या घरी फोन मामी उचलतात, म्हणून. (मामींना मी घाबरत नाही, हे इथं एकदाच लिहून ठेवतो. जो माणूस स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं करतो, बँकेच्या साहेबाला चहा न पाजता परत पाठवतो, तो पन्नाशीला टेकल्यावर मामीला कशाला घाबरेल?) पत्र कल्याण नावाच्या टेम्पोवाल्याकडे देतोय. तो पेरू भरायला राहात्याला येतो. त्याला बजावलंय, वाचनालयाच्या ओट्यावर गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ दिसतील, त्यांच्याच हातात द्यायचं; घरी गेलास तर भाडं मिळणार नाही.

धंद्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रकच्या मागं मोर, कमळ, मालकाच्या मुलांची नावं, कारखान्याच्या ट्रॉल्यांवर नंबर, यावर मी घर बांधलं. आता रेडियमवाला आला. तो कॉम्प्युटरवर मोर कापतो आणि चहा थंड व्हायच्या आत चिकटवून मोकळा होतो. त्याच्या मोराला दोन्ही बाजूंना सारखीच पिसं असतात, आणि लोकांना तेच आवडतं. शेजारच्या कंपनीत रंगखात्यात माणूस हवाय. तोंडाला फडकं बांधायचं आणि दिवसभर लोखंडाला एकच करडा रंग मारायचा. नाताळपर्यंत मोठं काम आलं नाही, तर शटर ओढून तिकडं जायचं, असं आम्ही ठरवलं होतं (एंजेलानं ठरवलं, मी मान हलवली). मामा, मी मोर सोडून काहीही सोडू शकतो. करड्या लोखंडावर तर मी दुपारपर्यंत कोपऱ्यात मोर काढून बसेन.

अशात एक दिवस दुकानासमोर जुनी बुलेट थांबली. माझे कान तुम्ही लहानपणी पिळून पिळून तयार केलेत, त्यामुळं इंजिनावरूनच कळलं की हा माणूस स्वतःची गाडी स्वतः उघडतो, स्वतः जोडतो, आणि घाई करत नाही. हे भागवतसाहेब. विमानदलात इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, आता पुण्यात निवृत्त. त्यांच्यासारखी बारा माणसं आहेत. सगळ्यांचे केस पांढरे, सगळ्यांकडे बुलेट, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना नको असतात म्हणून रस्त्यावर. भागवतसाहेबांनी बॅगेतून तपकिरी कातड्याचं जाकीट काढलं आणि समजावून सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणे आपल्या विमानाच्या नाकाडावर बाईचं चित्र काढून घ्यायचे, शेजारी काहीतरी नाव, आणि तेच चित्र जाकिटाच्या पाठीवर. बाई सुंदर हवी, हसरी हवी, अंगावर कपडा बेताचा, आणि बसलेली बॉम्बवर. मी विचारलं, "बॉम्बवर कशाला बसायचं?" ते म्हणाले, "खुर्ची कुठून आणणार तिथं?" माणूस मला तिथंच आवडला.

मग ते बाहेर जाऊन मित्राशी फोनवर इंग्रजीत बोलले. पेंटरला इंग्रजी येत नाही अशी त्यांची समजूत, आणि ती बरोबरच आहे. पण आकडे मला कुठल्याही भाषेत ऐकू येतात. हे एक जाकीट मनासारखं झालं तर बाराच्या बारा माझ्याकडे. मी ताबडतोब आत वळून, पुष्कळ काम पडलंय अशा थाटात, रिकाम्या डब्यावर झाकण ठोकत बसलो.

काम घेताना मी एक वाक्य बोललो, ते तुम्हालाही सांगून टाकतो. म्हटलं, "साहेब, माझा रंग लावलेले ट्रक आसामला जाऊन आलेत. पाऊस झाला, ऊन झालं, पोलिसांनी काठ्या मारल्या. रंगाला तडा गेलेला कुणी दाखवावा."

बॉम्ब मी कधी जवळून पाहिलेला नाही. त्यामुळं पहिल्या खेपेला बाई बसली ती गॅस सिलिंडरवर. भागवतसाहेबांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "भरलेला आहे की रिकामा?" मग मी त्याला पाठीमागं पंख काढले, पुढं टोक दिलं. बाईच्या कपड्यांचा प्रश्न एंजेलानं हातात घेतला. मूळ चित्रात पोहायचा पोशाख होता. एंजेला म्हणाली, "हिला थंडी वाजंल." मी म्हटलं, ती जाकिटावरच आहे. त्यावर अबोला सुरू झाला. अबोल्याचे आवाज मला नीट कळतात: पहिल्या दिवशी भांडी आपटतात, दुसऱ्या दिवशी भांडी इतकी हळू ठेवली जातात की मांजर दचकावं. तिसऱ्या दिवशी मी बाईला ठिपक्यांचा लाल फ्रॉक घातला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि घरात भाकरी आली. भागवतसाहेब म्हणाले चालेल, त्यांच्याही घरी अशीच कमिटी आहे.

चेहरा मात्र माझा. नमुना म्हणून साहेबांनी दिलेल्या बाया मला सगळ्या साबणाच्या जाहिरातीतल्या वाटल्या. मी डोळे मिटले, ब्रश उचलला आणि मनातून चेहरा काढला. डावी भुवई जरा वर, म्हणजे अवखळ दिसते. हनुवटीवर बारीक काळा ठिपका, तो तर मी पहिल्यापासून देतो. मी रंगवलेली कुठलीही बाई घ्या, ट्रकवरची असो की तमाशाच्या फलकावरची, हनुवटीला ठिपका असणारच. ती माझी सही. साहेबांनी विचारलं, ही कोण? मी छाती काढून सांगितलं, कुणीही नाही, कलावंताची कल्पना. खाली ट्रकच्या अक्षरांत ‘नगरची राणी’ लिहिलं. सवयीनं ‘हॉर्न द्या’ लिहायला घेतलं होतं, पण वेळेवर हात आवरला.

पाळकसाहेब आले ते याच सुमारास. कुणीतरी चहाडी केली असणार (कोण ते मला माहीत आहे, तो शटरबाहेर उभा राहून नाकानं श्वास घेतो). ते बाईकडे बघायचं टाळून चिवड्याकडे बघत बसले. "रॉबिन, हे बरं न्हाई," म्हणाले. मी म्हटलं, विमानदलाचं काम आहे. "विमानदल अशा बाया ठेवतं?" मी म्हटलं, आता ठेवत नाही, म्हणून तर हे दुःखी झालेत. यावर त्यांनी बरणी संपवली आणि कापणीच्या सणाचा फलक फुकट रंगवशील ना, एवढं विचारून गेले. फलक रंगवतोय. त्यावर बाई नाही, कणसं आहेत.

जाकीट गेलं. साहेब खूष होऊन गेले आणि महिनाभर काही कळवलं नाही. मग एके दुपारी ती बुलेट पुन्हा ऐकू आली; या वेळी ती फाटकाशी जरा जास्तच हळू झाली, आणि मला कळलं की काहीतरी बिघडलंय. साहेबांनी गाडीवरून उतरून पाठ वळवली.

मामा, ट्रकचा पत्रा वाकत नाही. कातडं वाकतं. मी जन्मभर वापरलेला पत्र्याचाच रंग कातड्यावर चढवला होता, वर चकाकी यावी म्हणून वॉर्निशचा हात. साहेब उन्हातून नाशिकला गेले, हँडलवर वाकले, जेवायला बसले, जाकीट खुर्चीवर दुमडून ठेवलं. आणि बाईच्या तोंडावर तडे गेले. डोळ्यांखाली बारीक जाळी, कपाळावर आठ्या, ओठांच्या दोन्ही बाजूंना खोल रेषा. फ्रॉक ठणठणीत, बॉम्ब ठणठणीत, फक्त बाई एका प्रवासात म्हातारी झाली होती. अवखळ म्हणून वर चढवलेली भुवई आता, डब्यातला गूळ कुणी संपवला असं विचारत होती.

मी खाली बघून म्हटलं, साहेब, रंग खरवडतो, नवीन काढून देतो, एक पैसा नको. डोक्यात करडा रंग दिसायला लागला होता. साहेबांनी जाकीट उतरवून काउंटरवर पसरलं आणि म्हणाले, "हात लावू नका. कोवळी होती तेव्हा ही कॅलेंडरातली होती. आता कुणाच्या तरी घरची वाटते. आम्ही सगळे सत्तरीचे, पाठीवर विशीतली पोरगी घेऊन फिरायची आम्हालाच लाज वाटत होती. बाराही जणांना हीच हवी. अशीच."

एवढ्यात एंजेला चहा घेऊन आली. कोवळ्या चेहऱ्याला रोज नाकं मुरडणारी ही बाई, तडकलेला चेहरा बघून कपबशीसकट थबकली. "अगं बाई! आवो, ह्या तर राहात्याच्या मामी!"

मी बघितलं. मामा, देवाशपथ, मला तोपर्यंत कळलं नव्हतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारावर तुमच्या लग्नाचा फोटो आहे. बाप गेल्यावर तुमच्याकडे आलो तेव्हापासून माझा पाट त्या फोटोखाली. पाढे चुकले की तुम्ही कान धरायचात आणि मी वर बघायचो. वर कृपामामी, डावी भुवई उचललेली, हनुवटीवर तीळ. हाताला बाईचा चेहरा म्हणून तेवढाच ठाऊक. माझ्या सहीचं म्हणाल, तर मामी आजवर शेकडो ट्रकांच्या पाठीवर देशभर हिंडून आल्या आहेत, एकदा तर कांद्याच्या गाडीतून थेट आसामपर्यंत, आणि तिकीट कुणी विचारलेलं नाही.

साहेबांनी चहा संपवला आणि विचारलं, "त्या हयात आहेत?" एंजेला म्हणाली, "चांगल्या खणखणीत." साहेब म्हणाले, "मग त्यांना विचारलंय का?" मी म्हटलं, विचारतो.

बाकी सर्व क्षेम. कापणीच्या सणाला या, कणसं बघायला. तेल लावत जा.

आपला आज्ञाधारक भाचा,
रॉबिन

ता. क. भागवतसाहेब शब्दाचे पक्के आहेत. ज्या बाईचा चेहरा, तिनं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय एकही जाकीट द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. त्यासाठी उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, ते बाराजण तुमच्याकडे चहाला येतील. बुलेटचा आवाज मोठा असतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मामी हो म्हणाल्या तर दुकान राहील. नाही म्हणाल्या तर मी कंपनीच्या फाटकात फडकं बांधून उभा राहीन. तेव्हा तेवढं आधी तुम्ही मामींच्या कानावर घालावं. तुम्ही चर्चच्या मंडळीचे वडील आहात, कठीण गोष्टी सांगायची तुम्हाला सवय आहे.

आणखी ता. क. जाकीट कल्याणबरोबर पोत्यात पाठवलंय, रिकाम्या क्रेटच्या खाली. मामींना दाखवताना गळ्यापर्यंतच दाखवा, फ्रॉक आणि बॉम्ब खाली दुमडून धरा. चेहरा मात्र दुमडू नका, अजून म्हाताऱ्या होतील, आणि ते कुणाच्या अंगावर येईल हे तुम्हाला माहीत आहे.

शेवटचा ता. क. हे सगळं मी समक्षच सांगणार होतो. गेल्या मंगळवारी जाकीट काखोटीला मारून तुमच्या फाटकापर्यंत आलोही होतो. मामी अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोन हाय?" मी "कुणी न्हाई" म्हणालो आणि नगरची बस धरली.