शेवटचं पान आधी

प्रिय चिंगे,

तुझी कादंबरी वाचली. कौतुक नंतर, आधी तक्रार ऐक. आमच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून वाचत होते आणि मधल्याच एका प्रकरणाला असा बांध फुटला, की दारात आलेला पेशंट माझ्याकडे बघून आल्या पावली परत गेला. त्याला वाटलं, माझीच दाढ उपटलीय! डॉक्टर आधी चिडले, मग पुस्तक मागून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डोळे सुजवून आले. शेजारचा औषधवाला रडला, त्याची बायको रडली. लोकांना रडवायचं तुला बरं जमतं गं. लहानपणी गुडघा फुटला तरी हूं की चूं करायची नाहीस.

आईला तू पुस्तक पाठवलं नाहीस, म्हणून मीच आणलं. तिला आता अक्षर दिसत नाही, अंथरुणातून उठवतही नाही. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा घरी येऊन मी वाचून दाखवते. तिची खोड तुला ठाऊक आहेच, कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. कोण मरतंय ते एकदा कळलं की निवांत रडता येतं, म्हणायची. बाबा कपाळाला हात लावायचे. तर पहिल्याच दिवशी फर्मान सुटलं, शेवटचं पान वाच. मी उघडलं. मुलगी घरी पोचते, तर आईची खाट रिकामी आणि गादी गुंडाळून ठेवलेली. काय वाचणार होते मी, कप्पाळ? तोंडाला येईल ते बोलत गेले. म्हटलं, मुलगी येते, आई स्वतः उठून दार उघडते आणि दोघी आधी कडाकडा भांडतात.

आईनं डोळे मिटले आणि म्हणाली, मग मला काही घाई नाही.

तेव्हापासून दोन घास जास्त जातात तिला. रोज ऐकते, मनसोक्त रडते, मध्येच तुझ्या चुका काढते. स्वयंपाकघराला दोन खिडक्या कुठून आणल्या हिनं, म्हणे. मग एका दुपारी तुम्हा दोघींचं ते भांडण आलं. ‘पुन्हा या घराची पायरी चढू नकोस’, हे तिचं वाक्य तू जसंच्या तसं घातलंयस. मी गाळणार होते, पण वाचण्याच्या भरात निघून गेलं तोंडातून. आईनं मला थांबवलं. मग विचारलं, मी असं म्हटलं होतं? आणि माझ्या उत्तराआधी स्वतःच म्हणाली, म्हटलं असणार, तोंडच माझं फाटकं. त्या दुपारी ती रडली नाही, आणि मला तेच फार लागलं. थोड्या वेळानं पाणी मागितलं आणि म्हणाली, असू दे, शेवटी येतेच ना ती.

तुझा राग खोटा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण माझाही राग ऐकून घे. आईच्या मरणावर तुला अख्खं प्रकरण लिहिता आलं, आणि माझा फोन उचलता येत नाही? नंबर बघून कापतेस, म्हणून हा कागद खरडत बसलेय.

आता शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. मी वेळकाढूपणा करते, खूण हरवली म्हणून झालेलीच पानं पुन्हा वाचते, आणि ती लगेच पकडते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. त्यांच्या हातात आता काही नाही, हे तिलाही माहीत आहे. काल मी नाइलाजानं शेवटचं प्रकरण काढलं, तर तिनं चाचपडत माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, हे तू नको वाचूस, तुला धड खोटं बोलता येत नाही. ती आली की तिच्याच तोंडून ऐकेन. चिंगे, निघ. सामान बांधत बसू नकोस. आलीस की तिच्याजवळ बस, पुस्तक हातात घे, आणि काय छापलंय तिकडे अजिबात बघू नकोस.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई