सळई काही निवेना

बसवनगुडी, बेंगळूरु
शुक्रवार

तीर्थस्वरूप कावेरीअक्का हिला धाकट्या वसुमतीचा मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? धारवाडला थंडी पडली असेल, म्हणजे दुखणं वाढलेलं असणार. भावोजींची साखर (रक्तातली, डब्यातली ते चोरून खातात हे मला ठाऊक आहे) आटोक्यात असावी. आम्ही सगळे सुखरूप.

जयनगरच्या कॉलेजात गणिताची कायम जागा निघाली होती, हे तुला माहीत आहेच. इतकी वर्षं तासांवर शिकवल्यानंतर माझ्या वयाला ही बहुधा शेवटचीच संधी. समितीपुढे नमुन्याचा तास घ्यायचा होता. मी विषय घेतला उष्णतेच्या समीकरणाचा: लोखंडी सळई मधोमध तापवली आणि दोन्ही टोकं बर्फात धरली, तर ती कशी निवत जाते. फळ्यावर हे मी डोळे मिटून सोडवते, पण हल्ली सगळ्यांना हलतं चित्र लागतं, म्हणून संगणकावर तेही केलं. पडद्यावर तापमानाचा एक उंचवटा; काळ सरकेल तसा तो खाली बसत जायचा.

घरी तालीम केली. अत्ते (सासूबाईंना आमच्याकडे असंच म्हणतात) म्हणाल्या, "अगं, हे आहे तिथंच आहे की." मी त्यांना समजावलं की उष्णतेला वेळ लागतो. सुमंतने मान डोलावली. नवरा कोरमंगलाच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ती मान मी प्रमाण मानली (तो तेव्हा फोन बघत होता, हे मागाहून कळलं).

समितीत चौघे होते. मी ठणकावून म्हणाले, "बघा, किती झपाट्याने निवते आहे." तिघांनी माना डोलावल्या. उंचवटा जागचा हलेना. इतिहासाचे रघुपती सर म्हणाले, "मॅडम, स्वल्प थांबा. ही निवणार कधी? मला पुढे तास आहे."

तेव्हा माझं लक्ष कडेच्या आकड्यांकडे गेलं. शंभर, साठ, वीस, पाच. सळई बिचारी नेमाने निवत होती. पण उंचीची मोजपट्टी मी कायम करून ठेवली नव्हती, त्यामुळे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला नवी पट्टी लावून उंचवटा पुन्हा पडदाभर ताणत होतं. क्षणभर वाटलं, निमूटपणे पुढे जावं. तिघे तर खूश होते. पण तसं केलं असतं तर मला जेवण गेलं नसतं. म्हणाले, "सर, चूक माझी आहे," आणि सगळ्यांदेखत प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून पट्टी शंभरावर बांधली. उंचवटा बसत बसत सपाट झाला. "सरी, बरं, आता निवली," असं म्हणून रघुपती सर तासाला गेले.

जागा गेली असं सुमंतचं मत पडलं. माझं तसं मुळीच पडलं नाही (स्वयंपाक करताना थोडंसं पडलं होतं). अत्त्यांची मात्र मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे, मला तरी कुठं कळत होतं."

भावोजींना नमस्कार सांग, डब्याबद्दल काही बोलू नकोस.

तुझी,
वसुमती

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात जागा मिळाली. पण प्राचार्यांनी कारण सांगितलं ते असं, की आधी मुद्दाम चूक दाखवायची आणि मग ती वर्गासमोर दुरुस्त करायची, ही माझी पद्धत समितीला फार आवडली. "चूक माझी आहे" हा त्यांना अभिनय वाटला. त्यांना खरं सांगू का? तू शाळेत जन्म काढलास, तू म्हणशील तसं करीन.

पुन्हा ता. क. त्या उत्तराची घाई नाही, मी आज सकाळी रुजू झाले. घाई वेगळीच आहे. येत्या शनिवारी सगळ्या अध्यापकांना मी ती पद्धत शिकवायची आहे, त्यासाठी एखादी चांगलीशी चूक कळव. दुपारपासून प्रयत्न करते आहे, पण मुद्दाम करायला बसलं की माझ्याकडून सगळं बरोबरच येतं.