तांदळाचा अर्धा डबा

आई,
लांबूनच तुझ्या पाया पडते. मी ठणठणीत आहे. शिलाईच्या कारखान्यात आता हात बसलाय. खोलीत आम्ही तिघी आळीपाळीने रांधतो. रविवारी तर भातावर दूध-साखर घालून चैन केली!

धाकटीचं पत्र मिळालं. मोठ्या कौतुकाने लिहिते, "ताई, तू गेल्यापासून महिनाअखेरीलाही तांदळाचा डबा अर्धा भरलेला असतो."

आई, आपण चौघं होतो तेव्हा तो डबा तळाला जायचा. मी एकटी गेले, तर पाव डबा उरायला हवा. अर्धा कसा उरतो? तू जेवतेस ना गं? बाबांना नि आम्हाला वाढून तू पातेल्यावर झाकण ठेवायचीस, "मी नंतर जेवते" म्हणायचीस. मला ते खरंच वाटायचं.

काल आमचा भात कमी पडला. वाढायची पाळी माझी होती. दोघी म्हणाल्या, "तूही बस की!"

"तुम्ही घ्या, मी नंतर जेवते," मी म्हणाले. आवाज हुबेहूब तुझा. झाकण ठेवलं ते रिकाम्या पातेल्यावर.

तुझंही रिकामंच असायचं का गं? उत्तर धाकटीला लिहायला सांगू नकोस, तूच लिही.

तुझी,
थोरली