कुंताचे नाव आणि माझे घर

मी, केशवराव गोमाजी कापगते, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी मुख्याध्यापक, पुढे त्याच शाळेत साधा शिक्षक, आता काही नाही, राहणार बोडीटोला, लाखनीजवळ, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या घशातल्या गाठीला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. डोके शाबूत आहे. हातही शाबूत आहे, हे अक्षरावरून कोणालाही दिसेल. कोणाच्या धाकाने मी हे लिहीत नाही. धाकाने जे लिहायचे ते यापूर्वी लिहून झाले आहे, त्याचा खुलासा कलम चारमध्ये आहे.

कलम १. माझी पत्नी शकुंतलाबाई नऊ वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. रक्ताचा वारस म्हणावा तर पुतण्या इश्वर. तो दर रविवारी माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतो आणि बोलता बोलता भिंतींवरून नजर फिरवतो. मी त्याला दोष देत नाही. त्याने निदान भिंतींची तरी काळजी घ्यावी.

कलम २. पोस्टाच्या बचत पुस्तकातली सगळी रक्कम शेजारच्या गोदावरीबाईंना द्यावी. दोन वर्षे त्या न सांगता दोन्ही वेळचे जेवण पाठवत आहेत, आणि अलीकडे मला गिळता येत नाही म्हणून भात मऊ करून पाठवतात. सायकल त्यांच्या मुलाला. तिची चेन दर महिन्याला उतरते, हे त्याला आधी सांगून द्यावी.

कलम ३. फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास, कोनमापक आणि मोठी पट्टी शाळेला देऊ नये. लाखनीच्या कोणा सुताराला द्यावीत, त्याच्या तरी उपयोगी पडतील. छड्या मी एकोणऐंशी साली चुलीत घातल्या. त्या असत्या तर संस्थेचे अध्यक्ष कृष्णराव यांच्या नावे करून ठेवल्या असत्या, छड्या गेल्याची त्यांना फार हळहळ वाटत होती. कृष्णरावांना माझ्या तेरवीचे बोलावणे धाडू नये. ते तरीही येतील, भाषण करतील आणि मला आदर्श शिक्षक म्हणतील. तेव्हा कोणीतरी मध्येच उठून पंगत बसवून द्यावी, एवढी विनंती.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण हे लिहिल्यावाचून बाकीची कलमे लिहायचा मला हक्क नाही.

सत्त्याहत्तर साली आमच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल शेकडा एकतीस लागला. कृष्णरावांनी बैठकीत सांगितले, "गुर्जी, जे पास होनार नाहीत त्याहिचे फारमच कायले भरता?" सहामाही परीक्षेत जो नापास होईल त्याचा बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही असे ठरले. तसे बऱ्याच शाळा करत. त्यावर एक युक्ती मात्र माझ्या डोक्यातून निघाली. फॉर्म अडवलेल्या मुलांची नावे एका फळ्यावर लिहून तो शाळेच्या फाटकावर, बाजाराच्या बाजूला टांगायचा, म्हणजे बाजाराला येणाऱ्या बापांना कळेल आणि ते घरी लक्ष देतील. मला ही युक्ती फार बरी वाटली होती, हे इथे कबूल करतो.

बापांना वाचता येत नव्हते. इतकी साधी गोष्ट अठ्ठावीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही. ते फळ्यापुढे उभे राहत आणि चहाच्या टपरीवाल्याला विचारत, "काय लिवलं गा?" तो एकेक नाव मोठ्याने वाची. पुढे पुढे कोणी विचारले नाही तरी वाची. त्यावर लोक हसत. बाजार आठवड्यातून एकदा भरे, पण फळा रोज असे.

त्या फळ्यावर सात नावे होती. चौथे नाव कुंता कवडू हातझाडे. मुलगी हुशार होती की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ती वर्गात नव्हतीच. धानाच्या रोवणीला चिखलात उभी होती, आईबरोबर, दुसऱ्यांच्या बांध्यांत. आमच्या गावाभोवती रोवणी कधी असते हे मला ठाऊक होते, मी तलाव बांधून धान पिकवणाऱ्या कोहळी जातीतला, तलावाच्या पाण्यावर वाढलेला. पण हजेरीपटावर मी गैरहजर लिहीत गेलो, कारण हजेरीपटात दुसरा रकानाच नव्हता.

ती माझ्याकडे आली. हात मागे बांधून म्हणाली, "सर, फारम नका भरू. पन माह्यं नाव पुसून टाका. आठोडी बाजारात वाचून राहिले."

मी म्हणालो, एकाचे पुसले तर सगळ्यांचे पुसावे लागेल. नियम सर्वांना सारखा. मी असेच म्हणालो, शब्द मला पाठ आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गावतलावात सापडली. पंचनाम्यात लिहिले, शिंगाडे काढताना पाय घसरून बुडाली. शिंगाड्यांचे वेल तलावाच्या दुसऱ्या टोकाला होते. कृष्णराव माझ्या बाजूला उभे होते. पंच म्हणून मी सही केली. शाळेचे शिपाई भय्याजी यांनी त्याच दुपारी फळा उतरवून धुतला, कोणी सांगितले नव्हते तरी.

ती शिंगाडे काढायला गेली नव्हती. तिचे नाव माझ्या हाताने लिहिलेले होते आणि तिने पुसायला सांगितल्यावर मी पुसले नाही. हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे.

कलम ५. त्यानंतर मी जे केले ते शाळेच्या दप्तरात कुठे नोंदलेले नाही, म्हणून इथे नोंदतो. फळा बंद केला. सगळ्यांचे फॉर्म भरले. मे महिन्यात सकाळची शाळा ठेवून रोवणीला तीन आठवडे सुटी दिली. रोजचा पहिला तास कोणत्याच विषयाचा ठेवला नाही. मुलांनी बसावे, बोलावे, झोप आली असेल तर झोपावे. पहिल्या दिवशी मी चिठ्ठ्या वाटल्या, शाळेत कशाची भीती वाटते ते नाव न घालता लिहा. एक्केचाळीस चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या तीस कोऱ्या होत्या.

हे सगळे फळाला आले असे मी म्हणणार नाही, मरताना खोटे बोलायची सवय सोडायची आहे. रोवणीच्या सुटीला गेलेल्यांपैकी पहिल्याच वर्षी चौदा मुले परत आली नाहीत, बापांना वाटले शाळेनेच सोडून दिले. एक बाई फाटकाशी येऊन म्हणाली, "मारत नाही, ओरडत नाही, मंग शिकवता काय पोराइले?" निकाल बावीस टक्के लागला, मग एकोणीस. सुटीबद्दल वरून जाब विचारणारे पत्र आले. कृष्णराव म्हणाले, "हे शाळा आहे का दवाखाना?" एक्याऐंशी साली मी प्रकृतीच्या कारणास्तव मुख्याध्यापकपद स्वखुशीने सोडतो असे लिहून दिले. तेव्हा माझी प्रकृती उत्तम होती. नव्या मुख्याध्यापकांनी पहिल्या आठवड्यात फळा परत टांगला, रंग देऊन. आता त्याला वर पत्र्याचे छप्परही आहे, पावसात नावे पुसली जाऊ नयेत म्हणून. ज्या एका मुलाने पहिल्या तासाला रोज झोप काढली होती, तो आता लाखनीला ट्रकवर क्लीनर आहे. परवा भेटला, पाया पडला, म्हणाला, सर, तेवढी झोप पुढं कधी भेटली नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुख्याध्यापकपदाची कमाई म्हणावी तर एवढीच.

कलम ६. माझे राहते घर, दोन खोल्या, पडवी, विहीर आणि मागचे सीताफळाचे झाड.

हे घर मला ज्यांची नावे फळ्यावर लागतील त्या मुलांसाठी ठेवायचे आहे. शाळा सुटल्यावर ज्याला लगेच घरी जायची छाती होत नाही, त्याने इथे येऊन बसावे. कोणी त्याला शिकवू नये, समजावू नये. भूक असेल तर खायला द्यावे आणि अंधार पडायच्या आत कोणीतरी त्याला घरापर्यंत पोचवावे. एवढेच. पण घराला धनी हवा, आणि ते काम करणारे माणूस मला एकच सुचले, ते म्हणजे कुंताची आई सुंदरबाई. म्हणून नावाची जागा कोरी सोडून मी त्यांच्याकडे गेलो.

त्या अंगणात धान पाखडत होत्या. मी घराचे बोललो. त्यांनी सूप खाली ठेवले नाही. म्हणाल्या, "पोट्टे तुमच्या घरी कायले येतील, गुर्जी? तुमालेच तं भेतात." मी म्हणालो, मी नसेन तेव्हा. तुम्ही असाल. त्या म्हणाल्या, "इचार करून सांगतो."

कलम ७. सहीसाठी आज सगळे माझ्या पडवीत जमले; हे आणि पुढचे कलम मी तिथेच लिहीत आहे. साकोलीच्या वकिलांनी बजावले होते की दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला घर मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या इश्वर कोर्टात गेला तर सगळेच बाद ठरेल. भय्याजी एक होते. दुसरा म्हणून मी शाळेतल्या तीन शिक्षकांना विचारले होते. कलम चार वाचून तिघांनाही नेमकी आजच महत्त्वाची कामे निघाली.

सुंदरबाई न बोलावता आल्या. म्हणाल्या, "वाचून दाखवा." मी सगळे वाचले. कलम चार झाल्यावर म्हणाल्या, "तेवढं अजूक एक डाव वाचा." माझा आवाज आता फाटतो, म्हणून दुसऱ्यांदा भय्याजींनी वाचले. मग त्यांनी मला विचारले, "पोलिसाच्या कागदावर बी तुमचीच सही व्हती ना?"

"हो."

"मंग खरं कोनतं?"

"हे."

त्यांनी शाईचा पॅड जवळ ओढला. मी म्हणालो, सुंदरबाई, तुम्ही अंगठा दिलात तर घर तुम्हाला देता येणार नाही. भय्याजींनीही समजावले, दुसरा साक्षीदार आपण लाखनीहून आणू, दोन दिवस थांबा.

"घर नोको मले," त्या म्हणाल्या. "मले हे पायजे. हे कोर्टात वाचतेत ना?"

वाचतात, मी म्हणालो.

कलम ८. सबब घर पुतण्या इश्वर यास मिळावे. त्याने ते संस्थेला विकू नये अशी माझी इच्छा आहे. बोलणी झालेली आहेत हे मला ठाऊक आहे. कलम सहामधील कोरी जागा रेघ मारून बंद केली आहे. फळ्याखाली उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी माझ्याकडे दुसरे काही नाही.

अंगठा उठवण्याआधी सुंदरबाईंनी एक विचारले. ते वकील गाळा म्हणतील, मी गाळत नाही. त्या म्हणाल्या, "तवाच काहून नाही लिवलं, गुर्जी?"

मी खरे तेच सांगितले. भीत होतो. कृष्णरावांना, नोकरीला.

त्या म्हणाल्या, "भेत तं थे बी व्हती. पंधरा वर्साची व्हती."

मग त्यांनी अंगठा दिला. वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचला गेला, आणि त्यांच्यादेखत मी खाली सही केली.

(सही) केशवराव गोमाजी कापगते

साक्षीदार पहिले: भय्याजी चिंधू मेंढे, निवृत्त शिपाई. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: सुंदरबाई कवडू हातझाडे, धंदा मजुरी. (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम बोडीटोला, दिनांक १८ एप्रिल १९८५