आधी पाणी, मग वाइन

बेझाँसों, ४ मार्च १८५८

ति. पेरिनताईस,
अन्सेल्मचा सा. न. वि. वि.

बातमी पक्की नाही, पण पोटात ठेववत नाही. पॅरिसच्या विद्वत्सभेच्या स्पर्धेला मी वक्ररेषांवरचा निबंध धाडला होता ना? तिथे निबंधावर नाव घालायचं नसतं. वर एक बोधवाक्य लिहायचं आणि नाव वेगळ्या बंद पाकिटात. जिंकणाऱ्याचंच पाकीट फोडतात, बाकीची न उघडता जाळतात. परीक्षकांना 'आधी पाणी, मग वाइन' हा निबंध फार आवडलाय, असं तिकडचा मित्र कळवतो. नवं पिंप गळतं का ते पाहताना बाबा म्हणतात, ते वाक्य मी चोरलं, त्यांना सांगू नकोस. बक्षीस मिळालं तर पॅरिसला प्राध्यापकी नक्की.

तुझी माया अशीच राहो.
अन्सेल्म

मर्सो, २१ मार्च

चि. अन्सेल्म यास अनेक आशीर्वाद.

अरे लबाडा, बक्षिसाची बातमी मी सांगितलीच, वाक्याचं तेवढं नाही! पिंपाच्या फळ्या तासताना बाबांनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण जेवताना चीजचा तुकडा दोनदा घेतला. तू पिंपांचा धंदा सोडून गेलास त्या दिवशी त्यांनी तुझी जेवायची सुरी ताटाजवळून उचलून खणात टाकली होती. पॅरिसचा प्राध्यापक झालास तरच या घरात पाऊल टाक, हा त्यांचा शब्द अजून कायम आहे. तेव्हा बक्षीस घे आणि ये रे एकदाचा. तुम्हा दोघांच्या मध्ये मी पिचून गेले. पायमोजे पाठवतेय, भोकं पडेपर्यंत वापरू नकोस.

घास घेताना आमची आठवण काढत जा.
पेरिन

बेझाँसों, ९ जुलै

ति. ताईस सा. न. वि. वि.

बक्षीस गेलं. माझ्याच हातानं घालवलं.

वर्गात शिकवताना ध्यानात आलं, रेषा अखंड आहे म्हणजे तिला जागोजागी दिशाही असणारच, असं मी धरून चाललो होतो. ते सिद्ध कुठे केलंय? पुढचं सगळं त्यावरच उभं. परीक्षकांच्या नजरेतून ते निसटलं होतं. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. खूप मोह झाला, ताई. पण वर तेच वाक्य लिहिलेलं. शेवटी त्याच बोधवाक्याखाली, नाव न घालता, चूक कळवली. यंदा बक्षीस कुणालाच नाही. माझं पाकीट जाळलं. हे मी केलं, हे तिथे कुणाला कधीच कळणार नाही.

बाबांना सांग, येत नाही. शब्द त्यांचा आहे.

रागावलीस तरी लिहीत राहा.
अन्सेल्म

मर्सो, २ ऑगस्ट

चि. अन्सेल्म यास अनेक आशीर्वाद.

आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणारा तू एकटाच! मी रडले, तुला शिव्याही दिल्या. मग बाबांना पत्र वाचून दाखवलं. वर काय वाक्य लिहिलं होतं, असं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता येईना, सांगून टाकलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. पोरानं आपलंच गळकं पिंप पाणी भरून पकडलं आणि गिऱ्हाइकाच्या दारातून परत आणलं, असंच काहीसं पुटपुटत ते कारखान्यात निघून गेले. मला वाटलं, रागावले.

द्राक्षतोडणीला एक माणूस कमी पडतोय, असं बाबांनी तुला लिहायला सांगितलंय. खोटं आहे, माणसं पुरेशी आहेत.

तुझी सुरी गंजली होती. आज सकाळी त्यांनी ती घासून, धार लावून जेवणाच्या टेबलावर तुझ्या जागेवर ठेवली आहे.

वाट पाहते.
पेरिन