खंडेनवमीला बदललेला ड्रायव्हर

बुधवार संध्याकाळ, पिरनवाडी

सापडलं एकदाचं. खंडेनवमीपासून स्टुडिओतल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या मशीनवर जायला लई वेळ लागत होता, आणि उद्या सांबऱ्याची लग्नाची पार्टी व्हिडिओ न्यायला येणार. आक्का म्हणायची, "पूजेचं कुंकू गेलं असंल गं केबलच्या खाचेत." मीही कुंकूच पुसत बसले. कुंकू होतंच की, पण दोष त्याचा न्हाय. पूजेदिवशी हत्याराला हात लावायचा न्हाय, म्हणून चालू मशीनवरच झेंडू वाहिला. रिकामा वेळ बघून कॉम्प्युटरनं आपणहून अपडेट घेतलं आणि नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा ड्रायव्हरच बदलला. आज जुना परत घातला, तर फाईली धावायलाच लागल्या.

आक्का कॉम्प्युटरला पुन्हा कुंकू लावत म्हणाली, "सुट्टीदिवशी ह्यानं काम केलं, म्हणून बिघडलं बघ."