अमावास्येला वेबसाइट नको

रविवार, २ सप्टेंबर २००७
बँकेतून व्हीआरएस घेऊन सहा वर्षं झाली. आज निर्णय पक्का. सौ. विद्युलताच्या दिवाळी फराळाची वेबसाइट काढायची. ती चकल्या तळेल, मी ब्रँड सांभाळीन. इथे चेन्नईत पेरुंगुडीच्या आयटी ऑफिसांतली पुण्या-नाशकाकडची पोरं दिवाळीत फराळासाठी जीव टाकतात. त्यांना आपण सापडलो पाहिजे, एवढंच.
तयार थीम नको. कस्टम थीम. पान उघडताच किल्ल्याचा दरवाजा करकरत उघडणार, तुतारी वाजणार आणि आतून चकली फिरत फिरत बाहेर येणार. विद्युलताने विचारलं, गिऱ्हाइकाने ऑर्डर कुठे लिहायची? तपशील नंतर.

शनिवार, ८ सप्टेंबर
विश्वासू फ्रीलान्स डिझायनर शोधतोय. जन्मभर कर्जं मंजूर केली. माणूस पारखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.
पहिला उमेदवार अनंतकृष्ण, मैलापूरचा. वेळेआधी आला, गेटबाहेर उभा राहिला, वेळ झाल्यावर बेल वाजवली. जरा अतीच. केलेल्या साइट दाखवल्या: एक साड्यांचं दुकान, एक दातांचा डॉक्टर. आधी फोटो आणि भाव द्या, मी ऑर्डरचा फॉर्म करतो, म्हणाला. दरवाज्याची कल्पना सांगितली, तर म्हणे, सार, दरवाजा उघडेपर्यंत कस्टमर निघून जाईल. कल्पकता शून्य. पण नम्र आहे. ठेवायला हरकत नाही.

मंगळवार, ११ सप्टेंबर
थोडक्यात वाचलो. अनंतकृष्ण सकाळीच हजर. आजच सुरू करू, फार चांगला दिवस आहे, म्हणाला. कॅलेंडर पाहिलं. अमावास्या! ज्याला एवढंही कळत नाही त्याच्या हाती घरची लक्ष्मी द्यायची? सौम्य शब्दांत नकार दिला.
विद्युलता म्हणाली, इकडे अमावास्या शुभ धरतात, लोक दुकानंसुद्धा त्या दिवशी उघडतात, वीस वर्षं इथे राहून तुम्हाला ठाऊक नाही? ठाऊक आहे. पण आमच्या मिरजेची अमावास्या रेल्वेत बसून चेन्नईला आली म्हणून शुभ होत नाही.
नंतर ती गेटपाशी त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. चकल्यांची पुडीही दिली. वाईट वाटलं असेल तिला. मायाळू आहे.

शनिवार, १५ सप्टेंबर. गणेश चतुर्थी
योग्य मुहूर्त, योग्य माणूस. नाव दर्शन. पुण्याचा, पेरुंगुडीत नोकरी, शनिवार-रविवार फ्रीलान्स. यायला उशीर केला, पण आल्या आल्या गणपतीच्या पाया पडला. मोदक मागून घेतले. तुतारीचं ऐकून म्हणाला, काका, सॉलिड! दरवाज्याला दोन बुरूज हवेत ही सूचना त्याचीच. शेवटी आपला माणूस तो आपला माणूस.
दसऱ्याला साइट चालू. त्याने शब्द दिलाय.

सोमवार, २४ सप्टेंबर
दर्शनचा फोन लागत नाही. कामात गढून गेला असणार.
विद्युलता साइटबद्दल काही सांगायला आली होती. मध्येच थांबवलं. म्हटलं, तांत्रिक बाबी माझ्यावर सोड. बरं, मग नाही सांगत, म्हणाली.

शनिवार, ६ ऑक्टोबर
दर्शन आला. डावा बुरूज झाला. चिवडा खाल्ला. उजव्या बुरुजाला वेळ लागेल म्हणाला. चकलीच्या फोटोंचं काय, असं मी जरा कडक आवाजात विचारलं. ते तुम्हीच देणार होतात काका, म्हणाला. उद्या काढतो, म्हटलं. कॅमेऱ्याचे सेल संपलेत.
अनंतकृष्णही येऊन गेला. कॉम्प्युटर साफ करायला विद्युलताने बोलावला होता म्हणे. दुसरी संधी मिळेल या आशेने येतो बिचारा. ती हल्ली रोज कॉम्प्युटरवर बसते. बंगलोरला यामिनीला मेल करत असेल. मुलगी सासरी गेली की आईचा जीव तिकडेच.

रविवार, १४ ऑक्टोबर
ऑर्डरींचा पाऊस. साइट अजून यायचीय आणि नुसत्या चर्चेचा हा परिणाम! यालाच ब्रँडिंग म्हणतात. विद्युलताला समजावून सांगितलं. ती हो म्हणाली आणि माझ्या हातात चार पार्सलं दिली. स्कूटरवर पेरुंगुडीला गेलो, परत आलो, तर आणखी दोन तयार. प्रोजेक्टच्या प्रमुखाने डबे वाहायचे, तर प्लॅनिंग कोणी करायचं?
उद्यापासून डिलिव्हरी बंद.

सोमवार, १५ ऑक्टोबर
शहराबाहेर ओरगडमला जाऊन आलो. ट्रकच्या कारखान्यातली सांगलीकडची मुलं. डबा उघडून तिथेच वास घेत बसली. मला चहा पाजला, बसा काका म्हणाली. बरं वाटलं. पण हे शेवटचं.

रविवार, २१ ऑक्टोबर. दसरा
साइट चालू नाही. सर्व्हर डाउन आहे, दर्शन म्हणाला. आता सर्व्हरपुढे कोणाचं काय चालणार?
इथे खरं लिहायला हरकत नाही. चैन पडत नाही. सकाळपासून घरात तळणीचा आवाज, भाजणीचा वास, आणि मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो. पेपर दोनदा वाचून होतो. एकदा साइट झाली की या घरात माझं काम काय, असं कोणी विचारणार नाही. अजून कोणी विचारलेलं नाही. पण विचारतील.

शनिवार, २७ ऑक्टोबर
घात झाला. दर्शनने एक लिंक पाठवली. चेन्नईत मराठी फराळ विकणारी साइट! त्याचं अख्खं ऑफिस तिथूनच मागवतं. तोही. वर मलाच सांगतो, काका, बघा, चकली मस्त असते.
उघडून पाहिली. पांढरं पान. दरवाजा नाही, तुतारी नाही. आणि पहिलाच फोटो: चकल्या स्टीलच्या ताटात, ताटाच्या कडेला नाव कोरलेलं. थेट विद्युलताच्या रुखवतातल्या ताटासारखं! हे स्पर्धक किती बारीक नक्कल करतात. संताप आला. पुढचं पान बघवेना.
विद्युलताला सांगितलं. ती पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसत सुटली. धंद्यात असं गाफील राहून चालत नाही.
गुप्त मोहीम: खोट्या नावाने नमुना मागवायचा. वरचं ऑर्डरचं बटण दाबलं. नाव हंबीरराव, पत्ता दर्शनच्या फ्लॅटचा. खाली शेऱ्याला जागा होती, तिथे खणखणीत लिहिलं: 'साइट अगदीच बाळबोध. चकली तशी नसावी ही अपेक्षा. दर्जा हीच ओळख.' माल हाती येऊ दे. एकेक दोष काढतो.

शनिवार, ३ नोव्हेंबर
सकाळी विद्युलताने पेरुंगुडीची पार्सलं दिली. शेवटचं तेवढं नीट पोचवा, गिऱ्हाईक चिकित्सक आहे, म्हणाली. पत्ते मी तिथे गेल्यावरच वाचतो. एकेक पोचवत गेलो. शेवटचं हातात घेतलं. विद्युलताच्या अक्षरात: श्री. हंबीरराव, दर्शन यांचे घरी.
नाव पुन्हा एकदा वाचलं. मग वर गेलो. कुलूप. वॉचमन म्हणाला, ते कालच दिवाळीला पुण्याला गेले. उजव्या बुरुजासकट गेला.
हंबीररावाचं पार्सल घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. जिन्यात बसून उघडलं. चकली खुसखुशीत. काटे जागच्या जागी. दोष शोधत सगळी संपवली.
घरी आलो. पोचवलं, म्हणालो. गिऱ्हाइकाला आवडलं का, तिने विचारलं. आवडलं, म्हणालो. ती म्हणाली, शेरा वाचला तेव्हाच मी ओळखलं, नाव बदललं तरी कुरकुर करायची तऱ्हा कुठे बदलते? साइटचं काम त्याच अमावास्येला सुरू केलं होतं. अनंतकृष्णाने आठवड्यात पुरी केली. मी सांगायला आले होते, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत.
स्कूटरची किल्ली खुंटीला लावली.
संध्याकाळी साइट पुन्हा उघडली. या वेळी शेवटपर्यंत खाली गेलो. लाडू, चिवडा, शंकरपाळे, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत: होम डिलिव्हरी, काशिनाथ. शेजारी स्कूटरवर बसलेला माझा फोटो. पहिल्या दिवसापासून आहे म्हणे.
फोटो बरा आलाय.
उद्या ओरगडम. मुलं वाट बघतायत. लवकर निघावं.